किल्ली तीनदा फिरव

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तपासणीच्या कागदावर तुमच्या सहीच्या वर तुमच्याच अक्षरात आहे: "वाहन तपासले. इंधन पंप व रेग्युलेटर मूळ नाहीत. नापास." त्यातलं "तपासले" खोटं आहे. तुम्ही गाडी सुरू केली नाहीत. हँडलला हात लावला नाहीत. सीट उचललीत, खाली निळा चकचकीत तुकडा दिसला, खिशातून पेन काढलंत. शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो.

ज्या बाईच्या हातात तुम्ही तो कागद दिलात तिला तुम्ही ओळखत नाही. ओळखायचं कारणही नाही, तुमच्या खिडकीसमोर रोज रांग असते. पण ती गाडी एकवीस तारखेला विमानतळाच्या दारात का उभी असायला हवी, ते तुम्हाला ऐकावं लागेल. ऐकून घ्या, आणि मग खुशाल नापास करा.

कारखान्यात तिला टर्नरबाई म्हणतात. बारा वर्षं लेथवर उभी आहे. पितळेचा गज हातात घेतला की माप डोळ्यानं सांगते, मग मायक्रोमीटर लावते आणि आपण बरोबर निघालो म्हणून मान हलवते. घरी मात्र ती धाकटी. थोरली ती ताई. ताई सात वर्षांपूर्वी परदेशात गेली, म्हाताऱ्यांच्या निवासात कामाला. परक्यांच्या आईबापांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, त्यांच्या पोरांनी फोन केला नाही की समजूत काढायची. तिथं राहायच्या कागदाचं असं होतं की मध्येच बाहेर पडलं तर पुन्हा आत घेतीलच याचा भरवसा नव्हता. कायमचा कागद हातात पडेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवून ती गेली आणि खरंच हलली नाही.

गाडी ताईची. पहिल्या नोकरीत घेतलेली, लाल टाकीची, इंजेक्शनवाली. त्या वेळी गल्लीतल्या बाकीच्या साऱ्या गाड्या कार्ब्युरेटरवर चालायच्या, पंपाशिवाय, त्यामुळे हिची नवलाई होती. किल्ली फिरवली की टाकीच्या पोटातला पंप दोन सेकंद गुणगुणायचा. झ्झंऽऽ. मग टक्. मग गप्प. तेवढ्यात तो नळीत पेट्रोल दाबून भरून ठेवायचा आणि बटण दाबायची वाट बघत बसायचा.

खालच्या मजल्यावर रातपाळी करून आलेला शेजारी सकाळी झोपलेला असायचा. हॉर्न वाजला की त्याची बायको खिडकीत येऊन सगळ्या खानदानाचा उद्धार करायची. म्हणून ताईनं हॉर्न सोडला आणि किल्ली धरली. खाली गाडीवर बसून किल्ली फिरवायची. झ्झंऽऽ, टक्. बंद करायची. पुन्हा. पुन्हा. वर धाकटी एक हात बाहीत, तोंडात केसांची पिन, चपलेचा एकच पाय सापडलेला. तिसऱ्या टक् च्या आत मागच्या सीटवर बसायचं, नाहीतर ताई निघाली. एकदा खरंच निघाली होती. कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथं पाय टेकून, मागं न बघता, धाकटी पळत येईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "बस, भवाने."

त्या गाडीवर मागं बसून धाकटी प्रशिक्षण संस्थेत गेली, लेथ शिकली, पहिल्या कामावर रुजू झाली. ताईच्या पाठीचा वास तिला अजून आठवतो, साबणाचा आणि उन्हात तापलेल्या कापडाचा.

ताई परदेशात गेली. दुसऱ्याच रविवारी दुपारी फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, आईनं औषधं घेतली का वगैरे झालं, आणि मग ताई जरा दबकत म्हणाली, "धाकटे, खाली जा ना. किल्ली फिरव."

"कशाला?"

"फिरव गं. तीनदा."

धाकटी जिन्याखाली गेली. फोन टाकीवर ठेवला. झ्झंऽऽ, टक्. झ्झंऽऽ, टक्. झ्झंऽऽ, टक्. मग ताई म्हणाली, "पोचले मी खाली," आणि फोन ठेवला.

ते सात वर्षं चाललं. रविवार चुकला नाही. धाकटीला ताप होता तेव्हा आई खाली गेली आणि किल्ली उलटी फिरवत बसली. "ही गाडी आहे का जावई?" आई म्हणायची. "रोज पुसायची, रविवारी बोलतं करायचं. माझ्याशी कोणी इतकं गोड बोलत नाही." पण कापड तीच धुऊन द्यायची, पुसायला.

गाडी मात्र कोणी चालवत नव्हतं; बॅटरी तेवढी धाकटी कारखान्यात नेऊन चार्ज करून आणायची. धाकटीकडे परवाना होता, ताईनं दांडगाईनं काढायला लावलेला. धीर नव्हता. ती जन्मभर मागं बसलेली. पुढं बसायचं म्हटलं की तिला वाटायचं, आपण पुढं बसलो म्हणजे ताईची जागा गेली.

आणि आईचा एक हट्ट होता. जिन्याखाली पेट्रोलचा साठा नको. आग लागली तर? म्हणून टाकीत कायम तळाला जेमतेम कपभर. किल्ली फिरवायला तेवढं पुष्कळ, असं दोघींना वाटत होतं.

इथं चूक झाली. आणि साहेब, अशी चूक करायला माणसाचा कुणावर तरी जीव असावा लागतो.

या वर्षी थंडी संपता संपता एका रविवारी धाकटीनं किल्ली फिरवली आणि काही झालं नाही. दिवा लागला, काटा हलला, पोटातून आवाज नाही. तिनं पुन्हा फिरवली. टाकीला कान लावला. फोन तिथंच उघडा होता आणि ताई पलीकडून विचारत होती, "काय झालं? फिरव की."

तिला काय सुचलं कोण जाणे. तिनं तोंड फोनजवळ नेलं, दात मिटले आणि दोन सेकंद केलं, झ्झंऽऽ. मग टाकीवर नख आपटलं. टक्. असं तीनदा. कपाळाला घाम.

मग ताई म्हणाली, "बरं. पोचले."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. वर येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "पुढच्या वेळी मिक्सर लाव, दम लागणार नाही."

पाच रविवार ती असा पंप झाली. बावीस माणसांच्या कारखान्यात जिच्या मापाला कोणी हरकत घेत नाही ती बाई जिन्याखाली उकिडवी बसून तोंडानं गुणगुणायची. कोणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण सांगायचं कसं? ताई मागं एकदा बोलून गेली होती, हसत हसतच, की तो आवाज चालू आहे तोवर आपलं घर चालू आहे असं वाटतं. असं काही माणूस बोलून जातं आणि विसरतं. ऐकणारा विसरत नाही.

त्याच महिन्यात ताईला कायमचा कागद मिळाला. फोनवर ती रडली, मग हसली, मग म्हणाली, "पाचव्या महिन्याची एकवीस तारीख. तीन आठवड्यांची सुटी. ऐक, टॅक्सी पाठवू नकोस. टॅक्सीतून उतरले तर पाहुणी वाटेन. माझी गाडी घेऊन ये."

"मी?"

"मग कोण, आई येणारे? तू पुढं बस. मी मागं बसते. सात वर्षं म्हाताऱ्यांना आधार देतेय, मला एकदा कुणाच्या तरी पाठीला धरून बसायचंय."

धाकटी "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री कारखान्याच्या मागच्या गल्लीत बसतो. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यानं टाकी उतरवली, तळाची झाकणी खोलली, पंप बाहेर काढला आणि उजेडात धरला. बाजूनं काळा पडला होता, वायरीचं प्लॅस्टिक वितळून वाकलं होतं.

"टर्नरबाई, हा जळून मेला."

"जुना झाला असेल."

"जुना होऊन असा मरत नाही. हा पेट्रोलात बुडलेला असतो म्हणून जगतो. पेट्रोल त्याला थंड ठेवतं. ह्याला कोणीतरी कोरडा पळवलाय. एकदा दोनदा नाही, कैक वेळा. कोण किल्ली फिरवत बसायचं?"

"ताई."

"ताई परदेशात ना?"

"फोनवरून."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी खवचट बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मिटलं असेल.

धाकटी मनात हिशेब करत होती. वर्षाचे बावन्न रविवार, सात वर्षं, प्रत्येकी तीनदा. हजाराच्या वर. एवढ्या वेळा आपण ताईला घरी आणलं आणि दरवेळी त्याला थोडं थोडं भाजलं. हातातला काळा पंप तिनं ओढणीच्या टोकानं पुसला. पुसून काही होणार नव्हतं.

कंपनीच्या दुकानात गेली. मुलगी काउंटरवर होती, तिनं क्रमांक टाकला आणि म्हणाली, "हे मॉडेल बंद झालंय."

"गाडी बंद झाली, कळलं. पंप?"

"पंपही बंद. सुटा कधीच नव्हता, पूर्ण संच मिळायचा. तोही नाही आता."

"कुठं मिळेल?"

"कुठंच नाही, मॅडम. कंपनीच बनवत नाही."

तिनं ते लिहून मागितलं. मुलीनं छापील पावतीच्या मागं लिहून शिक्का मारून दिला: सदर भाग उत्पादनातून बंद. साहेब, ही पावती तुमच्या फाइलीत आहे. तिसरं पान.

मिस्त्री म्हणाला, "दुसऱ्या बनावटीचा बसवू. बाजारात आहे, जास्त जोराचा, चांगला. शर्यतीवाले वापरतात."

"मला शर्यत नाही करायची. मला विमानतळापर्यंत जायचंय."

"मग काय, तिथवर हळू जा."

नवा पंप आला. अंगानं जुन्यापेक्षा बारीक निघाला, जुन्या बैठकीत खुळखुळायला लागला. मिस्त्री रबर गुंडाळायला निघाला तर धाकटीनं त्याचा हात धरला. "माझ्यासमोर रबर गुंडाळता? लाज वाटू द्या." दुपारच्या सुटीत तिनं लेथवर ॲल्युमिनियमची बाही कातली. बाहेरून जुन्या बैठकीच्या मापाची, आतून नव्या पंपाच्या. पंप आत सरकवला तेव्हा हवा सुस्कारा टाकून बाहेर पडली, इतका नेमका बसला. मिस्त्री म्हणाला, "तुमच्याशी लग्न करणाऱ्याला दर सकाळी मायक्रोमीटर लावून घ्यावा लागला असता. बरं झालं, वाचला."

"तो मापात बसलाच नाही म्हणून तर गेला."

टाकीतल्या नळ्या बदलल्या, पेट्रोलात बुडून राहिल्या तरी न फुगणाऱ्या. तपासायला दाबाचं घड्याळ जोडलं. गाडी सुरू झाली आणि लगेच खोकायला लागली. मागून काळा धूर. घड्याळाचा काटा तीनवर असायला हवा, तो साडेचारच्या पुढं जाऊन थरथरत होता.

"पंप ढकलतोय जोरात," मिस्त्री म्हणाला, "आणि जुना रेग्युलेटर जुन्याच पंपाच्या सवयीचा. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत सोडायचं काम त्याचं. एवढं त्याला झेपत नाही. इंजिनाला पाजतोय नुसतं."

म्हणजे रेग्युलेटरही नवा. स्क्रूनं दाब कमीजास्त करता येतो असा, निळ्या रंगाचा. तो सीटखाली बाहेर बसवला, म्हणजे पुढं कधी दाब जुळवायचा झाला तर टाकी उतरवायला नको. परतीची नळी टाकीत सोडली, घड्याळ त्याच्याच डोक्यावर कायमचं ठेवलं. धाकटीनं स्क्रू पाव पाव फेरा सोडत आणला. चार. साडेतीन. तीन. नट आवळला. इंजिन असं शांत चालायला लागलं की सीटवर ठेवलेला चहाचा पेला हलेना. मिस्त्री गुडघे धरून उभा राहिला आणि म्हणाला, "नवी होती तेव्हाही अशी चालली नसेल."

हे अख्खं काम कसं झालं ते सांगायचं कारण, साहेब, तुम्ही ज्याला "मूळ नाही" म्हणालात ते हे.

रविवार आला. टाकी अर्धी भरलेली. ह्या वेळी आईनं तोंडातून ब्र काढला नाही. फोन आला, धाकटी खाली गेली, फोन टाकीवर ठेवला आणि किल्ली फिरवली.

आवाज वेगळा होता. तिला ठाऊक होतं. वरच्या पट्टीतला, कोवळा, टोकदार. झींऽऽ. टक् ऐवजी काहीच नाही, नुसता थांबायचा. तिनं तीनदा फिरवली आणि श्वास धरून बसली.

"हा कोण?" ताई म्हणाली.

"तोच. साफ करून घेतला."

"धाकटे."

"हं."

"गेले पाच रविवार पंपाला सर्दी झाली होती. नाकातून बोलत होता. मी काही म्हणाले?"

धाकटीला हसू आलं. "तुला पहिल्याच दिवशी कळलं?"

"मला वाटलं, तू माझ्यासाठी एवढं करतेयस तर करू दे. रविवारची वाट बघायचे मी. तुझी ती झ्झं ऐकून निवासातल्या आजीबाईंना वाटलं फोन बिघडलाय." मग म्हणाली, "जुना कशानं गेला?"

धाकटीनं सांगितलं. कोरडी टाकी, किल्ली, सात वर्षं. सगळं.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "म्हणजे मीच मारला की."

"आपण दोघींनी."

"पुन्हा फिरव ह्याला." तिनं फिरवली. ताईनं ऐकलं. "चांगला आहे गं. पण हा मला ओळखत नाही. ह्यानं मला कधी खाली बोलावलं नाही." मग एकदम मोठ्या बहिणीचा आवाज लावून, "आता नुसती ऐकवत बसू नकोस. चालव. मी यायच्या आत हात साफ झाला पाहिजे. मला पाडलंस तर तिथल्या तिथं परतीचं तिकीट काढीन."

धाकटी शिकली. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, पाळी सुटल्यावर. पहिल्या दिवशी तिनं गाडी भंगाराच्या ढिगाऱ्यात घातली. बावीस माणसं बघायला उभी, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. चौथ्या दिवशी तिला गिअर कळला. आठव्या दिवशी ती रस्त्यावर निघाली आणि कोपऱ्यावर तिला आरशात मागची रिकामी सीट दिसली. जन्मभर ती जिथं बसली होती ती जागा अशी दिसते, हे तिला माहीत नव्हतं. तिनं आरसा थोडा खाली केला, सीट नीट दिसावी म्हणून. एकवीस तारखेला तिथं ताई असणार होती. सिग्नलला थांबली की ती मागं बघायची, उगाचच.

एकच काम राहिलं होतं. गाडीला पंधरा वर्षं होत होती, नोंदणीची मुदत पाचव्या महिन्याच्या पाच तारखेला संपत होती. पुढं चालवायची तर तुमच्याकडून पास करून घ्यायला हवी.

तीन तारखेला मिस्त्री म्हणाला, "उद्या जाताना त्या निळ्यावर काळं फडकं गुंडाळा. घड्याळ काढून ठेवा. ते लोक सीट उचलतात, चमकणारं दिसलं की त्यांना खाज सुटते. काळं दिसलं की पुढं ढकलतात."

"मी चोरी केलीय का?"

"चोरी कोण म्हणतंय? तपासणीपुरतं झाका."

"झाकलं म्हणजे चोरी केल्यासारखंच. तीन म्हणजे तीन आहे काटा. बघू देत की त्यांना."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. टर्नरबाईचं हे असं आहे. काम चोख असलं की लपवायचं कशाला, हे तिच्या डोक्यात बारा वर्षं लेथनं घट्ट बसवलेलं. तिला वाटलं, तपासणारा माणूस म्हणजे मापाचा माणूस. तुमच्याबद्दल तिचं मत इतकं चांगलं होतं, साहेब.

चार तारखेला सकाळी ती आली. गाडी धुतलेली, ताईचं संमतिपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुकानाची शिक्क्याची पावती, नव्या पंपाचं आणि रेग्युलेटरचं माहितीपत्रक. तुम्ही सीट उचललीत.

"हे काय?"

"दाबाचा रेग्युलेटर. घड्याळ लावलंय बघा, सुरू करून दाखवते."

"मूळ आहे का?"

"मूळ कंपनी बनवत नाही आता. ही त्यांची पावती."

तुम्ही पावती वाचली नाहीत. "मूळ बसवून आणा."

"जे बनतच नाही ते कुठून बसवू?"

"ते तुम्ही बघा. नाहीतर मोडीत काढा. पंधरा वर्षं झाली, किती दिवस वापरणार?"

"साहेब, एकदा सुरू करून बघा. धूर बघा, आवाज बघा."

"पुढचा."

इथवर तुम्हाला माहीतच आहे. पुढचं माहीत नाही, कारण तुम्ही पुढच्याला बोलावलंत. दारावरच्या शिपायानं तिला सांगितलं की नापास झालेली गाडी चालवत नेता येणार नाही, पकडली तर जप्त होईल, आणि जप्त झाली की मालक स्वतः आल्याशिवाय सुटत नाही. गाडीची मुदत दुसऱ्या दिवशीपर्यंत होती, म्हणजे त्या दिवशी चालवत नेता आली असती. भांडायला हवं होतं. पण "जप्त" हा शब्द ऐकून तिनं किल्ली काढून पिशवीत टाकली. ताई सात वर्षांनी येणार आणि तिची गाडी तुमच्या आवारात साखळीला?

तिनं गाडी ढकलत घरी नेली. दीड तास. इंजिन ठणठणीत, टाकी अर्धी भरलेली, काटा तीनवर यायला तयार, आणि बाई हँडल धरून ढकलतेय. वाटेत माणसं थांबून विचारायची, इतकी भली असतात माणसं.

"पंक्चर का हो?"

"नाही."

"पेट्रोल संपलं?"

"नाही."

"मग?"

"मूळ नाही म्हणे."

एकानं मान डोलावली, जणू त्याला कळलं. त्याला काही कळलं नव्हतं. तिलाही नव्हतं. चढावर एका पोरसवदा पोलिसानं स्वतः मागून धक्का दिला आणि म्हणाला, "ताई, सुरू करून बघा ना, कधीकधी होते." त्याच्या तोंडून "ताई" ऐकल्यावर मात्र ती रस्त्याच्या कडेला गाडी स्टँडला लावून दोन मिनिटं उभी राहिली.

घरी मिस्त्री आला होता. "सांगितलं होतं, फडकं गुंडाळा," म्हणाला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "मी नेतो दुसऱ्या केंद्रात. गुंडाळून."

"एकदा नापास लिहिलं की सगळीकडे दिसतं." तिनं चौकशी केलेली होती.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "टॅक्सी कर मुकाट्यानं. येतेय ना ती, ते बघ." आणि जराशानं, पाठ फिरवून, "मागं बसायचंय म्हणाली होती का गं?"

धाकटीनं तुमच्या खात्याला अर्ज केला. हातानं लिहिला, तीन वेळा फाडून. आवक विभागात शिक्का मिळाला. उत्तर कधी? तीस दिवसांत. एकवीस तारखेच्या आत नाही का? बाई, सगळ्यांनाच घाई असते.

रविवारी फोन आला. ताईनं बॅगा भरायला घेतल्या होत्या. आजीबाईंनी तिला लोकरीचे हातमोजे दिलेत, गाडीवर थंडी वाजू नये म्हणून, सांगत होती. आपल्याकडे ऐन उन्हाळा आहे हे तिनं त्यांना सांगितलं नाही. मग म्हणाली, "मागच्या सीटचा पट्टा आहे ना अजून? मी धरून बसेन. नाहीतर तुलाच धरीन. फिरव किल्ली." धाकटीनं किल्ली फिरवली. झींऽऽ. तीनदा. ताई म्हणाली, "ओळख व्हायला लागलीय आमची." धाकटीनं नापासाचं काही सांगितलं नाही. तोंडानं पंप होता येत होतं तेव्हा सोपं होतं. आता होता येत नाही.

अर्ज तुमच्या टेबलावर आहे, साहेब. आवक क्रमांक, तारीख, सगळं आहे. त्यात तिनं दया मागितलेली नाही, सवलत मागितलेली नाही. तिनं तीन ओळी लिहिल्यात, त्याच पुन्हा इथं. जो पंप जगात कुणीच बनवत नाही तो कोणत्या दुकानातून आणून बसवू? दुकानाचं नाव लिहून द्या. नाव नसेल तर काटा तीनवर असताना गाडी नापास कोणत्या मापानं झाली, ते माप लिहून द्या. आणि तेही नसेल तर खाली या, गाडी तुमच्या दारात आणते, ढकलत आणते, तुम्ही स्वतः बटण दाबा.

विमान एकवीसला सकाळी दहा वाजता उतरतं. ताई बॅगांची ढकलगाडी घेऊन काचेच्या दारातून बाहेर येईल, धाकटीला मिठी मारेल आणि तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघेल. पहिला प्रश्न काय विचारेल ते आता तुम्हालाही ठाऊक आहे.

बोला. तिला काय उत्तर द्यायचं?